जाणतेपणाच्या खुणा आणि आपले वाङ्मय

मराठी वाङ्मयात बालपणाच्या आठवणी विपुल आहेत. आत्मचरित्रे घ्या, ललितनिबंध घ्या, कथा-कादंबऱ्या घ्या; आजोळचे अंगण, परसातली विहीर, आईच्या हातचा मऊ भात आणि चतुर्थीच्या दिवसांतली माटोळी यांनी आमची किती पाने भरली आहेत याची गणती करणे कठीण. वार्धक्याचीही आमच्या लेखकांनी उपेक्षा केलेली नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये जो एक प्रदेश आहे, जेथे मनुष्याचे मूलपण सरते आणि तो जाणता होऊ लागतो, त्या प्रदेशाविषयी आमचे लेखक फारच थोडे बोलतात. रात्रीच्या आगगाडीत झोपी गेलेल्या उतारूने मधली स्टेशने पाहू नयेत, तसे त्यांचे होते. डोळा लागला तेव्हा तो मूल होता. जाग आली तेव्हा गृहस्थ झालेला. मधल्या स्टेशनांची नावे त्याला विचारू नयेत.

असे का व्हावे? आम्हांस याची दोन कारणे दिसतात. पहिले असे की, मोठे होण्याची व्यवस्था आमच्या धर्मशास्त्राने लावून ठेवली आहे अशी आमची समजूत आहे. सोळा संस्कार आहेत, मुंज आहे, विवाह आहे. तेव्हा मनुष्य जाणता कधी झाला हे लेखकाने शोधण्याचे कारणच काय? दुसरे कारण याच्या अगदी उलट टोकाचे आहे. इंग्रजी कादंबरीच्या परिचयापासून आम्ही असे मानू लागलो की, निरागसतेचा नाश एखाद्या आघाताने होतो, आणि तो आघात वर्णिला की लेखकाचे कर्तव्य संपले. कोणी वारते, कोणी फसविते, कोणी घर सोडून जाते, आणि मूल एका रात्रीत प्रौढ होते. एक पक्ष विधीवर विसंबतो, दुसरा आघातावर. दोघांनाही हवी असते ती मोठी घटना. वास्तविक मुंजीच्या दिवशी सकाळी मातृभोजन घेतलेला बटू सायंकाळी भिक्षावळीतल्या लाडवासाठी धाकट्या भावाशी भांडतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जाणतेपण येते ते बारीक खुणांनी, आणि बहुधा त्या खुणा ज्याच्या अंगावर उमटतात त्याच्या आधी इतरांच्या ध्यानात येतात. चांगल्या लेखकाची परीक्षा येथे आहे.

ही परीक्षा काही नामवंत पुस्तकांस लावून पाहण्याजोगी आहे. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून मराठी घरांत ते पोथीच्या खालोखाल वाचले गेले. त्याच्यावर भाबडेपणाचा आक्षेप घेण्याची आता रीतच पडली आहे. तो आक्षेप आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. त्यातील अळणी भाजीचा प्रसंग पाहा. भाजीत मीठ पडलेले नाही हे पानावर बसलेल्यांच्या ध्यानात येते. वडील काही बोलत नाहीत, आणि म्हणून मुलेही बोलत नाहीत. आई मागाहून जेवावयास बसते तेव्हा तिला ते कळते. गुरुजींना येथे संयमाचा धडा दिसतो. आम्हांस त्याहून अधिक काही दिसते. न बोललेले वाक्य मुलाने ऐकले आहे. ‘मीठ नाही’ असे म्हणणे ही मुलाची स्वाभाविक क्रिया. ते ओठांवर आलेले गिळणे हे मोठ्या माणसाचे काम, आणि ते त्याने कोणी न सांगता केले. परंतु गुरुजी येथे थांबत नाहीत. आईवडिलांच्या थोरवीकडे त्यांचे लक्ष इतके लागलेले असते की, त्या क्षणी मुलाच्या आत काय हलले हे पाहावयास त्यांस सवड नसते. जाणता श्याम आश्रमातील मित्रांस कथा सांगत आहे, अशी पुस्तकाची मांडणीच असल्यामुळे बाळ श्याम पहिल्या रात्रीपासून मोठ्या श्यामच्या मांडीवर बसलेला आहे. तेथून उतरून त्याला स्वतःच्या पायांनी मोठे होता येत नाही.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ती भागशः प्रसिद्ध झाली. धडा देण्याचा लक्ष्मीबाईंचा हेतूच नाही, आणि कदाचित म्हणूनच त्यांच्याइतका खरा धडा मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच दिला असेल. लहानपणीच लग्न होऊन मनूची लक्ष्मी झाली. नाव बदलले, घर बदलले. विधीच्या दृष्टीने मुलगी मोठी झाली. पुस्तक वाचताना मात्र स्पष्ट दिसते की, त्या दिवशी काहीच झाले नाही. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात वाढलेली ही बाई, नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कित्येक वर्षे वेगळी राहते. पुढे पतीकडे आल्यावरही तिचे सोवळे एकदम सुटत नाही. ते पायरीपायरीने सुटते. कोणाच्या हातचे पाणी चालेल, कोणाच्या हातचे अन्न चालेल, या प्रश्नांची उत्तरे ती स्वतःच्या मनाशी, कोणाच्याही आज्ञेवाचून देत जाते, आणि प्रत्येक उत्तराबरोबर थोडी थोडी जाणती होते. बाप्तिस्मा १९०० सालचा. परंतु वाचकाला त्याच्याआधीच कळलेले असते की ही बाई आता कोणाच्या मागून चालणार नाही. तिचा निर्णय आमच्या वाचकांस पटो वा न पटो, तो निर्णय होण्याची रीत इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कोणी लिहिली आहे असे आम्हांस वाटत नाही. विनोदी बाई म्हणून त्यांची वाहवा होते तेवढी सूक्ष्म निरीक्षक म्हणून होत नाही, हा आमच्या टीकेचा दोष आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयी (१९६३) फार लिहिण्याची आवश्यकता नाही, तिच्यावर पुरेसे लिहून झाले आहे. पांडुरंग सांगवीकर मोठा होण्याचे नाकारतो, आणि त्या नकाराची कादंबरी म्हणून ती श्रेष्ठ आहे. पण नाकारणाऱ्याला खुणा दिसल्या तरी तो त्यांकडे पाठ फिरवतो. आमच्या विषयाला तिचा उपयोग एवढाच.

प्रकाश नारायण संत यांचा लंपन मात्र येथे थांबवितो. १९९४ च्या ‘वनवास’पासून एकंदर चार पुस्तकांत संतांनी हा मुलगा उभा केला; कानडी मुलखाच्या कडेला आजी-आजोबांकडे वाढणारा, अचाट आकडे बोलणारा, आपल्या डोक्यात चाललेल्या गोष्टींनी स्वतःच चकित होणारा. बारीक खुणा टिपण्याचे जे सामर्थ्य आम्ही शोधत आहोत ते संतांपाशी भरपूर आहे. एखाद्या मुलीने पाहिले की शर्टाची बाही एकाएकी आखूड वाटू लागते, या जातीचे निरीक्षण त्यांस सहज साधते. मालिकेच्या अखेरीस वडिलांचा मृत्यू येतो तेथेही ते आघाताचा डांगोरा पिटीत नाहीत. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लंपनची सरहद्द ही त्याला मिळालेली चैन आहे. मराठीत कानडी मिसळते आणि भाषेला गोडवा येतो. पण त्या दुसऱ्या भाषेने लंपनला कामाला जुंपलेले नाही. कचेरीत, दवाखान्यात, बाजारात त्याच्या आजोबांना त्याची गरज पडत नाही. आजी-आजोबा भक्कम आहेत म्हणून मुलाला मूल राहता येते.

सरहद्दीवरच्या सर्व मुलांस ही सवलत नसते. याचे उदाहरण म्हणून आम्ही वाचकांचे लक्ष आदिलाबादकडे वेधू इच्छितो. पणजी-मडगावच्या किंवा गिरगाव-दादरच्या आमच्या वाचकास हा जिल्हा दूरचा वाटेल. परंतु माहूरच्या रेणुकेला जाऊन आलेल्यांनी पैनगंगा पाहिली असेल, आणि पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादचीच कापसाची काळी जमीन लागते. जुने लोक त्याला एदलाबाद म्हणत. नदीकाठच्या कित्येक गावांतून आजही घरची भाषा मराठी आहे. वऱ्हाडीकडे झुकणारी, हेल काढून बोलली जाणारी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्ये झाली तेव्हा जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यास मिळाले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला; २ जून २०१४ पासून तो तेलंगणात आहे, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याचेही चार जिल्हे झाले. अर्थ असा की, तेथल्या मराठी घरात आजोबांना सरकारशी बोलण्यासाठी उर्दू लागली आणि नातवाला तेलुगू लागते. मराठी दोघांचीही, पण ती घरात, शेतात आणि देवापुढे.

अशा घरात मोठे झाल्याची पहिली खूण कानाला कळते. मुलगा लहान असतो तोवर गाव त्याला ‘बाबू’ म्हणते. केव्हातरी, बहुधा अंगात पूर्ण विजार आल्यावर आणि ओठावर काळी रेघ दिसू लागल्यावर, दुकानदार त्याला ‘भाऊ’ म्हणतो. त्या दिवशी बाबूचा भाऊ झाला. बसमध्ये, बाजारात तेलुगू बोलणारा मनुष्य त्याला ‘नुव्वु’ म्हणत आलेला असतो. एक दिवस तोच ‘मीरु’ म्हणतो, आणखी काही वर्षांनी नावापुढे ‘गारु’ लागते. तीन भाषांच्या गावात हे तीनदा घडते, आणि एकाच दिवशी घडत नाही. उर्दूत तो ‘भाई’ झालेला असतो तेव्हा घरी आई ‘अरे’च म्हणत असते. यात मौजही आहे आणि थोडे दुःखही, कारण ज्या भाषेत आपण सर्वांत शेवटी मोठे होतो ती आपली मायभाषा असते.

कोंकणी वाचकांना हे नव्याने सांगावयास नको. नावापुढे ‘बाब’ लागणे ही आपल्याकडची केवढी मोठी पदवी! वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांनी ‘शणै गोंयबाब’ हे नाव घेतले ते उगाच नव्हे, आणि बा. भ. बोरकर अवघ्या गोमंतकाचे ‘बाकीबाब’ झाले तेही उगाच नव्हे. पण शेजारची म्हातारी पहिल्यांदा ‘बाब’ लावून हाक मारते त्या क्षणी तरुण मागे वळून आपले वडील आले की काय म्हणून पाहतो, ही साधी गोष्ट आमच्या कथाकारांनी किती वेळा लिहिली? ‘तूं आतां ल्हान न्हय रे’ हे वाक्य आमच्या घरोघरी बोलले जाते, परंतु ते नेहमी रागावताना. कौतुकाने म्हणावयाचे असते तेव्हा आपण गप्प राहतो, आणि हे गप्प राहणे अळणी भाजीच्या जातीचे नसते.

येथे थोडे विषयांतर करून आमच्या देवालयांविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तरुण पिढी देवकार्याकडे फिरकत नाही, ही तक्रार समाजाच्या सभांतून आणि मासिकांतून वर्षानुवर्षे ऐकू येते. तक्रार करणारे वडीलधारे आमच्या आदराचे आहेत. तथापि त्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. मनुष्य देवळाचा केव्हा होतो? महाजनांच्या वहीत नाव चढल्याने होतो हे खरे, पण त्याहून अधिक तो पालखीच्या दांड्याखाली खांदा देण्यास बोलावले गेल्याने होतो. समाराधनेच्या पंगतीत बसण्याऐवजी पदर खोचून वा उपरणे कमरेला बांधून वाढावयास उभे राहिल्याने होतो. उत्सवाच्या मेजावर पावतीपुस्तक हाती देऊन ‘जरा बस, मी आलो’ असे कोणी म्हटल्याने होतो. निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘आपले नम्र’ या शब्दांखाली स्वतःचे नाव प्रथम छापलेले पाहणे हा तर विवाहाहून मोठा संस्कार आहे, असे आम्ही थट्टेने म्हणतो, पण पूर्णतः थट्टेने नव्हे. आता पाहा की, कित्येक ठिकाणी कपाटाच्या किल्ल्या ऐंशी वर्षांच्या हाती आहेत, पावतीपुस्तक सत्तर वर्षांच्या हाती, आणि पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला कर्ता पुरुष सभेत ‘आमचा बाळू’ म्हणून ओळखला जातो. बाळू फिरकत नाही याचे नवल कसले? वाङ्मयात जे दिसले नाही ते देवळातही दिसत नाही. विधी करून झाला की माणूस मोठा झाला अशी आपली दोन्हीकडे समजूत आहे, आणि विधीनंतरच्या लहान लहान खुणा देण्याचे काम आपण कोणावरच सोपविलेले नाही.

कायदा या बाबतीत सोपा आहे. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाली की मनुष्य सज्ञान. १९८८ च्या घटनादुरुस्तीने मताचा अधिकारही एकविसाऐवजी अठराव्या वर्षी आला. बोटावर शाई लागते, एवढीच त्याची खूण. पण सरहद्दीवर ही खूणही सरळ राहत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुका आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील, केरामेरी मंडळ यांच्या मधल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, आणि तेथल्या अनेकांपाशी दोन्ही राज्यांची शिधापत्रे आणि दोन्हीकडची मतदार-ओळखपत्रे असल्याचे निवडणुकांच्या वेळी पुनःपुन्हा दिसून आले. २०२४ च्या लोकसभेसाठी चंद्रपुरात १९ एप्रिलला मतदान झाले, आदिलाबादेत १३ मेला. कायद्याने एका माणसास मत एकच. पण दोन सरकारांनी ज्याला दोनदा सज्ञान ठरविले, त्याला पाण्याच्या नळासाठी आणि रस्त्यासाठी दोन्हीकडे अर्ज करीत हिंडावे लागते. विनोदी लेखकास हा विषय आयता आहे. गंभीर लेखकास त्याहून अधिक.

त्याच जिल्ह्यात मात्र जाणतेपणाची खूण कशी द्यावी याचे एक उत्तर फार पूर्वीपासून तयार आहे. ते गोंडांपाशी आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा पौष अमावास्येस भरते. त्याआधी कुळातील माणसे पायी गोदावरीकाठच्या हस्तिनमडुगू या डोहाशी जातात, झारीतून पाणी आणतात, आणि त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. कुळाच्या शाखांसाठी बावीस चुली मांडलेल्या असतात. आमच्या विषयाशी ज्याचा संबंध आहे तो भाग रात्रीच्या पूजेनंतरचा. मेश्राम घराण्यांत लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांची तेथे देवाशी ओळख करून दिली जाते. पांढरी वस्त्रे नेसून, डोक्यावरून पदर घेऊन त्या येतात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. भेटिंग होईपर्यंत सुनेने नागोबाचे दर्शन घ्यावयाचे नसते, त्याच्या पूजाकार्यात भाग घ्यावयाचा नसतो. लग्न लागले, संसार सुरू झाला, मूलही कदाचित झाले असेल. तरी कुळाची ती खरी झाली ती या भेटीनंतर.

मराठी वाचकांस शिवकालाचे अभ्यासक म्हणून परिचित असलेले सेतु माधवराव पगडी हैदराबादच्या मुलकी नोकरीत असताना याच गोंडांत वावरले. त्यांनी गोंडी आणि कोलामी भाषांची व्याकरणे सिद्ध केली. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ चा. मारलावाई येथे या मंडळींच्या पुढाकाराने जे गोंडी शिक्षणाचे काम उभे राहिले त्याची वाचनपुस्तके देवनागरीत होती. इतका शेजार असूनही मराठी ललित वाङ्मयाने या विधीकडे कलावंताच्या दृष्टीने पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. पाहिले असते तर एक भेद ध्यानात आला असता. आपले संस्कार व्यक्तीवर होतात: तू आता ब्रह्मचारी झालास, तू आता गृहस्थ झालास. केसलापूरची भेट ही ओळख करून देणे आहे. ‘ही आमची आहे’ असे कुळ देवाला सांगते. जाणतेपणाची घोषणा त्या व्यक्तीने करावयाची नसते, तिच्या वतीने इतरांनी करावयाची असते. हे आम्हांस फार खोल वाटते. अर्थात त्यात एक उणीवही आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. सुनेची भेट होते, लेकीची होत नाही. घरात जन्मलेल्या मुलीला जाणती म्हणून देवापुढे कोणी उभे करीत नाही. पण हा दोष आम्ही गोंडांच्या माथी मारू लागलो तर प्रथम आमच्याच महाजनांच्या वह्या उघडाव्या लागतील. २०२२ साली केसलापूरचे नवे दगडी मंदिर मेश्राम कुळाने आपापसांत वर्गणी काढून उभे केले, एवढे मात्र येथे नोंदवून ठेवतो. ज्यांनी सुनांना ‘आमची’ म्हटले त्यांच्या घरांतून वर्गणी मागण्यास फिरावे लागत असेल, पण माणसे शोधण्यास फिरावे लागत नसेल.

आता मराठी घरांकडे परत येऊ. बासरची सरस्वती वाचकांस माहीत आहे. २०१६ पर्यंत हे गोदावरीकाठचे क्षेत्र आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता ते निर्मल जिल्ह्यात आहे. अक्षराभ्यासासाठी लेकरांना घेऊन तेलुगू आईबाप जसे येतात तसेच नांदेड-किनवटचे मराठी आईबापही येतात. पाटीवर किंवा तांदळांत लेकराचे बोट धरून पहिले अक्षर गिरविले जाते. फोटो काढले जातात, पेढे वाटले जातात. हा विधी सुंदर आहे, आणि तो आरंभाचा विधी आहे. त्या अक्षराचे पुढे काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

पुढे असे होते. मुलगा तेलुगू शाळेत जातो. बापाला तेलुगू बाजारापुरती येते. वाचता मुळीच येत नाही. जमिनीची नोटीस येते, बँकेचा कागद येतो, आईच्या दवाखान्याची चिठ्ठी येते. दहाबारा वर्षांचा मुलगा ती वाचतो आणि मराठीत सांगतो. हळूहळू बाप त्याला सोबत नेऊ लागतो. मंडल कार्यालयात, बँकेत, इस्पितळात. डॉक्टर जे आईला सांगावयाचे ते त्याला सांगतो. आईच्या पोटात काय आहे हे आईच्या आधी त्याला कळते, आणि ते कोणत्या शब्दांत सांगावे याचा विचार त्याला खिडकीपासून बाकापर्यंतच्या दहा पावलांत करावा लागतो. सरस्वतीपुढे गिरविलेल्या अक्षराने त्याला असे मोठे केलेले असते. मुंज नाही, विवाह नाही, मृत्यू नाही. कोणतीच मोठी घटना घडलेली नाही. ही मुले आदिलाबादेतच आहेत असेही नव्हे. बेळगाव-कारवारकडच्या घरांत, सुरतेच्या गिरण्यांच्या वस्तीत, परदेशी गेलेल्या मराठी आजी-आजोबांच्या सोबतीस बसविलेल्या नातवंडांतही ती सापडतील. पण जेथे मनुष्य कोठेही गेलेला नाही, गाव तेथेच आहे, आणि राज्याची भाषा मात्र दोनदा बदलली, तेथे या प्रसंगाची धार अधिक आहे.

यातली खरी खूण कोठे आहे ते सांगावयाचे तर एक काल्पनिक प्रसंग घ्यावा लागेल. खिडकीतला कारकून कंटाळलेला आहे. तो मुलाला तेलुगूत म्हणतो, या म्हाताऱ्याला एवढेही कळत नाही का, चार वेळा सांगितले, उद्या घेऊन ये म्हणावे. मुलगा बापाकडे वळतो आणि म्हणतो, ‘ते म्हणून राहिले का उद्या या.’ आधी त्याने शब्दास शब्द सांगितला असता. आज त्याने एक वाक्य गाळले. बालपण कोठे संपले असे कोणी विचारले तर आम्ही त्या गाळलेल्या वाक्याकडे बोट दाखवू.

आणि येथेच कथा संपत नाही, कारण बापाने तीस वर्षे आदिलाबादच्या बाजारात कापूस विकला आहे. व्यापाऱ्यांच्या शिव्या ऐकण्याइतकी तेलुगू त्याला उत्तम येते. कारकुनाचे वाक्य त्याला कळले आहे. मुलाने ते गाळले हेही कळले आहे. तो म्हणतो, ‘बरं, उद्या येऊ.’ भाजीत मीठ नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. वाटेत चहाच्या टपरीशी तो थांबतो. एरव्ही तो एक कप सांगून बशीतला चहा पोराला देत आला आहे. आज दोन कप सांगतो, आणि ज्याला जन्मापासून ‘रे’ म्हणत आला त्याला विचारतो, ‘बिस्किट घेतं का गा?’

ही कथा गुरुजींनी लिहिली असती तर बापाच्या डोळ्यांत पाणी आणले असते. संतांनी लिहिली असती तर मुलाच्या डोक्यात त्या वेळी काय काय चालले होते ते अप्रतिम सांगितले असते, पण त्यांच्या मुलाला कारकुनाच्या खिडकीशी उभे राहण्याचा प्रसंगच आला नाही. लक्ष्मीबाईंनी ती कदाचित हसत हसत सांगितली असती आणि तीच रीत आम्हांस सर्वांत जवळची वाटते. ‘रे’ आणि ‘गा’ यांतले अंतर ज्याने घरात ऐकले आहे, आणि ‘नुव्वु’चा ‘मीरु’ झालेला ज्याने रस्त्यावर ऐकला आहे, अशाच लेखकाच्या हातून ती उतरेल. तो बहुधा पैनगंगेच्या पलीकडेच कोठेतरी कोणाचा तरी अर्ज भरीत बसलेला असेल.